बेने इस्राएल कुटुंबांतील धर्माचरणविषयक दुरावा

बेने इस्राएल कुटुंबांतील धर्माचरणविषयक दुरावा म्हणजे महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यू समाजात आईवडील आणि प्रौढ अपत्ये यांच्यात, अपत्यांनी अधिक काटेकोर धर्माचरण स्वीकारल्यामुळे निर्माण होणारे अंतर होय. हा दुरावा प्रामुख्याने १९४८ नंतर इस्रायलमध्ये झालेल्या स्थलांतराशी निगडित आहे. अमेरिका किंवा युरोपातील ज्यू कुटुंबांत असा प्रसंग बहुधा धर्माविषयी उदासीन पालक आणि धर्मनिष्ठ अपत्ये यांच्यात घडतो. बेने इस्राएल समाजाचे वेगळेपण असे की, येथील पालक स्वतः धर्म पाळणारे असतात. परंतु कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले त्यांचे आचरण अपत्यांनी नव्याने शिकलेल्या ग्रंथप्रमाण आचरणाच्या कसोटीवर अपुरे ठरते.

## संज्ञा व स्वरूप

जन्माने ज्यू असून पुढे कठोर धर्माचरणाकडे वळलेल्या व्यक्तीस हिब्रू भाषेत 'बाल तशुवा' असे म्हणतात. 'तशुवा' या शब्दाचा मूळ अर्थ परत येणे असा आहे. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर इस्रायल व अमेरिका या देशांत अशा व्यक्तींची एक चळवळच उभी राहिली आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र धर्मविद्यालये निघाली. या चळवळीतील स्त्रियांचा अभ्यास लिन डेव्हिडमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे. धर्मनिष्ठा वाढल्याने कुटुंबातील नातेसंबंधांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास डोरित रोएर-श्ट्रीयर व रोबर्टा सँड्स यांनी दक्षिण आफ्रिकेतील ज्यू कुटुंबांच्या संदर्भात केला.

दुरावा या शब्दाने येथे केवळ संबंधविच्छेद अभिप्रेत नाही. बोलणे चालू असूनही घरचे अन्न न घेणे, सणाला न येणे, नातवंडांना आजीआजोबांकडे मुक्कामास न पाठवणे किंवा विवाहाच्या बोलणीत आईवडिलांना वगळणे ही त्याची अधिक आढळणारी रूपे आहेत. कौटुंबिक दुरावा हा कोणत्याही एका धर्माचा विशेष नाही. कार्ल पिलेमर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत २७ टक्के लोकांनी एखाद्या नातलगाशी आपला संबंध तुटला असल्याचे सांगितले होते.

## पार्श्वभूमी : कोकणातील धर्माचरण

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले व त्यांतून सात जोडपी वाचली. पुढे हा समाज कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील गावोगावी तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागला. शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्याने त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, तळकर, अष्टमकर ही आडनावे त्यांच्या वास्तव्याच्या गावांवरून आलेली आहेत.

इतर ज्यूंशी संपर्क नसण्याच्या काळात या समाजाने चार गोष्टी टिकवल्या : सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्राम), आहाराचे काही नियम आणि 'शमा' ही एकेश्वरत्वाची प्रार्थना. डेव्हिड रहाबी नावाच्या एका ज्यू पुरुषाने या खुणांवरून त्यांना ओळखले व धर्मशिक्षण दिले, अशी परंपरा सांगितली जाते. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग स्थापन केले. एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे झाली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. याच शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

या आचरणात स्थानिक रंग सहज मिसळला. सणांना नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण अशी मराठी नावे मिळाली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याच्या दिवशी वालाचे बिरडे करण्याची रीत पडली. नवस फेडताना किंवा शुभकार्यापूर्वी एलियाहू हनाबी (प्रेषित एलिया) याचे स्मरण करून पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा 'मलिदा' करण्यात येतो. अलिबागजवळील खंडाळे परिसरातील एका खडकावर एलियाच्या रथाची खूण उमटली असल्याची श्रद्धा आहे. लग्नात मेंदीचा विधी होतो आणि विवाहित स्त्रिया मंगळसूत्र वापरीत. मांस व दूध एकत्र करावयाचे नाही, या नियमामुळे कालवणात नारळाचा रस वापरला जातो. शेजाऱ्यांच्या भावना जपण्यासाठी अनेक कुटुंबांनी गोमांसही वर्ज्य मानले.

समाजांतर्गत मतभेद स्थलांतरापूर्वीही होते. बेने इस्राएल नसलेल्या स्त्रियांच्या संततीस 'काळे इस्राएल' म्हणून वेगळे ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ होती. १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत उदारमतवादी 'ज्युइश रिलिजस युनियन' स्थापन झाली व तिच्यातून 'रोदेफ शालोम' हे सिनेगॉग उभे राहिले. तथापि हे मतभेद एकाच गावात, एकाच भाषेत व बहुधा एकाच दफनभूमीच्या छायेत चालत होते.

## स्थलांतर

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यावर बेने इस्राएल समाजाचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाले. त्या सुमारास भारतात या समाजाची संख्या सुमारे २० हजार होती. २०११ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची एकूण संख्या ५ हजारांहून कमी भरली. स्थलांतरित कुटुंबे बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा शहरांत वसली. आरंभी नोकरी व वर्तणूक यांबाबत तक्रारी असलेल्या काही कुटुंबांनी परत पाठवण्याची मागणी करून आंदोलन केले व १९५२ मध्ये त्यांतील काहीजण भारतात परतले.

सर्वसाधारणपणे तरुण पिढी आधी गेली. वृद्ध आईवडील काही काळाने त्यांच्यामागून गेले किंवा निवृत्तिवेतन, घर, शेती आणि सवयीचे शेजारपाजार यांमुळे मागेच राहिले. नव्या देशात मुलांच्या शिक्षणाचे दोन सरकारी मार्ग होते : सर्वसाधारण शाळा आणि धार्मिक शाळा. धार्मिक शाळेत गेलेल्या मुलांनी जो धर्म शिकला, तो पूर्व युरोप, इराक किंवा मोरोक्को येथील पंडितपरंपरेतून आलेला होता. आजीने शिकवलेल्या रीती त्या पुस्तकांत नव्हत्या. त्यामुळे पालक व अपत्ये एकाच धर्माची असूनही त्यांचे धर्माचे प्रमाण वेगळे झाले : एकाचे प्रमाण घरची रीत, तर दुसऱ्याचे ग्रंथ.

## विवाहनोंदणीचा वाद (१९६१–१९६४)

इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह व घटस्फोट १९५३ च्या कायद्यान्वये रब्बींच्या न्यायालयांच्या अखत्यारीत येतात. बेने इस्राएल वधू-वरांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यास काही रब्बींनी नकार दिल्याने प्रश्न निर्माण झाला. या समाजात पूर्वी धर्मशास्त्रोक्त घटस्फोटपत्राशिवाय घटस्फोट झाले असावेत, तसेच निपुत्रिक विधवेच्या दिराशी संबंधित मुक्तिविधी पाळला गेला नसावा, अशी शंका घेण्यात आली होती. घटस्फोट शास्त्रोक्त नसेल, तर त्या स्त्रीस पुढील विवाहातून झालेली संतती विवाहास अपात्र ठरते.

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने अशा विवाहांस तत्त्वतः परवानगी दिली. परंतु १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या कारकिर्दीत काढलेल्या निर्देशांनुसार बेने इस्राएल वधू-वराची आई, आजी व त्यामागील पिढ्या यांची शक्य तितकी मागे जाऊन चौकशी करणे आवश्यक ठरले. या निर्देशांचा कौटुंबिक परिणाम खोलवर होता. मुलाचा विवाह ठरत असताना प्रत्यक्षात आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या विवाहाची वैधता तपासली जाऊ लागली. धर्मनिष्ठ अपत्यास रब्बींचा निर्णय बंधनकारक वाटे, आणि तोच निर्णय मान्य करणे म्हणजे स्वतःच्या आईच्या कुळाविषयीची शंका मान्य करणे होई.

समाजाने याविरुद्ध संघटित लढा दिला. १९६४ च्या उन्हाळ्यात अनेक कुटुंबांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेट (इस्रायलची संसद) हिच्या विशेष अधिवेशनात बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू असून त्यांना समान अधिकार आहेत, अशी भूमिका घेण्यात आली. ३१ ऑगस्ट रोजी रब्बी मंडळाने निर्देशांतून 'बेने इस्राएल' हे नाव वगळले. या वादामुळे काही कुटुंबांत पालक व अपत्ये परस्परांपासून दुरावली असली, तरी लढ्यात तीन पिढ्या एकत्र उभ्या राहिल्या, हेही नोंदवण्यासारखे आहे.

## धर्मशास्त्रातील भूमिका

ज्यू धर्मशास्त्रास 'हलाखा' असे म्हणतात. आईवडिलांचा मान राखणे ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आहे. तालमूद या ग्रंथात तिचे दोन भाग केले आहेत. मान म्हणजे आईवडिलांना जेवू घालणे, वस्त्र देणे, त्यांना ने-आण करणे. आणि धाक म्हणजे त्यांच्या जागेवर न बसणे व त्यांचे म्हणणे न खोडणे. मात्र पालकांनी शब्बाथ मोडण्यास सांगितले, तर ते ऐकू नये. कारण पालक व अपत्य दोघेही ईश्वराच्या आज्ञेस बांधलेले आहेत, असा निर्णय तालमुदात आहे.

सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी सिद्ध केलेल्या 'शुल्हान आरूख' या धर्मसंहितेत या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील पुढील नियम प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत :

* वडील धर्मनियमाचे उल्लंघन करताना दिसले, तर अपत्याने 'तुम्ही चुकलात' असे म्हणू नये. तोरामध्ये असे लिहिले आहे ना, अशा प्रश्नाच्या रूपाने त्यांना आठवण द्यावी.
* पालकांनी आपल्या मानाबाबत अति काटेकोर राहून अपत्यांवर ओझे टाकू नये. चुकांकडे कानाडोळा करावा.
* धर्माध्ययनासाठी दुसऱ्या गावी जाण्यास वडिलांचा विरोध असेल, तर तो मानण्याचे बंधन नाही. विवाहासाठी केलेल्या निवडीबाबतही असाच निर्णय मोशे इस्सेर्लेस यांच्या टिपणात आहे.

म्हणजे शास्त्राने अपत्यास वेगळे होण्याची मुभा दिली आहे. मात्र अपमान करण्याची मुभा दिलेली नाही.

तालमुदातील रब अस्सी यांची कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. त्यांची वृद्ध आई त्यांच्याकडे अशक्य मागण्या करू लागली, तेव्हा ते तिला सोडून इस्राएलच्या भूमीत निघून आले. पुढे आई आपल्यामागून येत असल्याचे त्यांना कळले. पवित्र भूमी सोडून तिला सामोरे जावे काय, असे त्यांनी आपल्या गुरूंना, रब्बी योहानान यांना विचारले. गुरूंनी आधी उत्तर देण्याचे टाळले व शेवटी सुखरूप परतण्याचा आशीर्वाद दिला. त्यानंतर समजले की येत होती ती आईची शवपेटी. हे आधी ठाऊक असते तर मी निघालोच नसतो, असे उद्गार त्यांनी काढल्याचे ग्रंथात नमूद आहे.

## दुराव्याची कारणे

### अन्न

धर्मनिष्ठ घरात मांस व दुग्धजन्य पदार्थ यांसाठी भांडी, ताटे व सुऱ्या स्वतंत्र असतात. मांस व दूध एकत्र न करणारी आई नियम पाळीतच असते; परंतु दोन्हींसाठी एकच पातेले धुऊन वापरण्याची तिची रीत असेल, तर ते पातेले अपत्याच्या दृष्टीने निषिद्ध ठरते. मुलाने घरी येऊन आईच्या हातचे न खाणे, हा मराठी कुटुंबात केवळ आहाराचा प्रश्न राहत नाही. तो आईने चालवलेल्या घराविषयीचा निवाडा मानला जातो.

### शब्बाथ आणि संपर्क

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत धर्मनिष्ठ व्यक्ती वाहन, वीजउपकरणे व दूरध्वनी वापरीत नाही. भारतात रविवार सुटीचा, तर इस्रायलमध्ये तो कामाचा पहिला दिवस. इस्रायलची वेळही भारताच्या अडीच ते साडेतीन तास मागे असते. त्यामुळे दोन्हीकडे निवांतपणा असेल असा वेळ थोडाच सापडतो. शनिवारी आलेला दूरध्वनी न उचलला गेल्यास, कारण ठाऊक असूनही एकट्या राहणाऱ्या पालकास तो नकार वाटू शकतो.

### भाषा

आजीआजोबांची मराठी आणि नातवंडांची हिब्रू यांच्यामधील दुवा मधली पिढी असते. तिचे पालकांशी बोलणे थांबले की नातवंडांशी असलेला संबंधही आपोआप तुटतो. इस्रायलमध्ये या समाजाने 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले. त्याचा वाचकवर्ग मुख्यतः भारतात शिकलेल्या पिढीचा राहिला.

### मिश्र विवाह

१९७० मध्ये इस्रायलच्या परतीच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार ज्यू व्यक्तीची अपत्ये व नातवंडे यांना इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. परंतु ज्यू कोणास म्हणावे, याची व्याख्या ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतरित अशी ठेवण्यात आली. वडील बेने इस्राएल व आई हिंदू किंवा ख्रिस्ती असेल, तर अपत्यास नागरिकत्व मिळते. पण ज्यू म्हणून विवाह करण्यासाठी धर्मांतराचा विधी करावा लागतो. जन्मापासून सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या मुलास 'धर्मांतर' करावे लागणे ही बाब आईवडील दोघांनाही दुखावणारी असते.

धर्मांतरित व्यक्ती नवजात बालकासारखी होय, असे तालमुदातील वचन आहे. त्याचा अर्थ जुनी नाती पुसली जातात असा काही वेळा लावला जातो. तथापि शुल्हान आरूखने धर्मांतरिताला आपल्या ज्यूेतर वडिलांचा अपमान करण्यास मनाई केली आहे. तो मोठ्या पावित्र्याकडून कमी पावित्र्याकडे आला, असे कोणी म्हणू नये, हे त्याचे कारण दिलेले आहे.

## मृत्यू व शोकविधी

ज्यू धर्मात दफन शक्य तितक्या लवकर केले जाते. त्यामुळे दूरदेशी असलेले अपत्य अनेकदा दफनास पोहोचू शकत नाही. त्यानंतर सात दिवसांचा 'शिवा' व तीस दिवसांचा 'श्लोशिम' पाळतात आणि आईवडिलांसाठी अकरा महिने 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणतात. कद्दिशसाठी दहा प्रौढ पुरुषांचा समूह ('मिन्यान') लागतो. स्थलांतरामुळे कोकणातील अनेक सिनेगॉगमध्ये ही संख्या भरणे कठीण झाले आहे.

येथे दुराव्याची एक विसंगती स्पष्ट होते. ज्याच्या काटेकोरपणामुळे घरात अंतर पडले, तोच मुलगा अकरा महिने नियमाने कद्दिश म्हणतो. कारण आईवडिलांचा मान मृत्यूनंतरही राखावयाचा असतो, असे शास्त्र सांगते. शास्त्राने सांगितलेला हा मान जिवंतपणी कोणत्या रूपात दिसावा, हाच पालक व अपत्ये यांच्यातील वादाचा मुख्य मुद्दा असतो.

## कायदेशीर बाजू

आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ अन्वये स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या पालकांना अपत्यांकडून दरमहा जास्तीत जास्त १० हजार रुपये निर्वाहखर्च मिळू शकतो. हा कायदा परदेशस्थ भारतीय नागरिकांनाही लागू आहे. परंतु परदेशाचे नागरिकत्व स्वीकारल्यास नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यामुळे इस्रायलचे नागरिक झालेल्या अपत्यांबाबत या तरतुदीचा उपयोग मर्यादित ठरतो. भारतातील ज्यूंच्या वारसाहक्कास भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला.

## समेटाचे मार्ग

दोन्ही बाजूंनी आपले आचरण न सोडता संबंध टिकवण्याच्या काही रीती कुटुंबांत आढळतात. पालकांच्या घरी अपत्यांसाठी वेगळा भांड्यांचा संच ठेवणे, न कापलेली फळे व बंद पाकिटातील प्रमाणित पदार्थ देणे, शब्बाथ सुरू होण्यापूर्वी शुक्रवारी नेमाने दूरध्वनी करणे या त्यांपैकी साध्या रीती होत. मलिदा व मेंदी हे विधी इस्रायलमधील बेने इस्राएल कुटुंबांत आजही होतात. हनाबीच्या स्मरणाने होणारा मलिदा हा घरची रीत आणि हिब्रू प्रार्थना यांना एकत्र आणणारा प्रसंग असल्याने, धर्मनिष्ठ नातवंडे व आजीआजोबा एका ताटाभोवती बसण्याची संधी त्यातून मिळते.

## साहित्यातील चित्रण

* मीरा महादेवन यांच्या 'अपना घर' (१९६१) या हिंदी कादंबरीत भारत व इस्रायल यांच्यामध्ये विभागल्या गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबाचे चित्रण आहे. तिचे इंग्रजी रूपांतर 'शुलामिथ' या नावाने प्रसिद्ध झाले.
* एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचेल' या इंग्रजी कादंबरीची नायिका अलिबागजवळील दांडा येथे एकटी राहणारी वृद्ध स्त्री आहे. तिची मुले इस्रायलला गेलेली असून गावातील ओस पडलेल्या सिनेगॉगची देखभाल ती करते. या कादंबरीस २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

## हे सुद्धा पहा

* बेने इस्राएल
* मलिदा (विधी)
* शब्बाथ
* इस्रायलमधील मराठी भाषक
* रायगड जिल्हा